रानात घावलेला रुपया

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी माझ्या बहिणीचा मुलगा कराडहून मोटारसायकलवर थेट मिरजेला आला आणि हेल्मेटसुद्धा न काढता त्याने माझ्या पुढ्यात एक काडेपेटी ठेवली. आत कापूस, आणि कापसात काळपट चांदीचा एक जाडसर गोल तुकडा.

"खाला, पढ़के बोलो. औरंगजेब का है ना?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, आणि गरज पडली तर उर्दूही. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात आणि गल्लीत काहीही 'वाकडंतिकडं लिहिलेलं' निघालं की ते माझ्याकडे येतं. जुन्या लग्नाच्या पत्रिका येतात, कबरीवरच्या दगडाचे फोटो येतात, आजोबांच्या पेटीतले जमिनीचे कागद येतात. ते कागद बहुतेक मोडीत निघतात आणि मग मी हात टेकते. नाणं मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

कुठे सापडलं विचारलं तर आधी उत्तर नाही. मग चहा झाल्यावर कळलं, की साहेबांनी सात हजारांचं मेटल डिटेक्टर ऑनलाइन मागवलंय. परदेशातले लोक जंगलात यंत्र फिरवून मोहरा काढतात असे व्हिडिओ तो वर्षभर बघत होता. त्यातून स्फूर्ती घेऊन तीन-चार महिने दर रविवारी तो आणि त्याचा मित्र पाटणच्या बाजूला डोंगराकडेला जात होते. मित्राच्या गावालगत आधी शेतं, मग माळ आणि मग झाडी. यंत्राचं काम तसं सोपं आहे. खालच्या कड्यातल्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, तिथे धातू असला तर त्यात उलटा प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र ओरडतं. पण ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी आमचा सह्याद्री पाहिलेला नसणार. इथला काळा कातळ लोहयुक्त, वरचा जांभा तर त्याहून. पहिला महिनाभर यंत्र नुसतं दगडांवर ओरडत होतं. मग ते कसं जुळवायचं हे शिकल्यावर सापडायला लागलं ते असं : बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्यांची चांदी, कुंपणाची तार, बैलांच्या पत्र्या, एक कोयत्याचं पातं, आणि एकदा पिंपभर उत्साहाने दोन फूट खणल्यावर ट्रॅक्टरचा नट. हा रुपया चौथ्या महिन्यातला.

"जंगलात की शेतात?" मी विचारलं. "रान में," तो म्हणाला. आमच्याकडे ही एक पंचाईतच आहे. साताऱ्या-सांगलीकडे माणूस 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, आणि रान म्हणजे जंगलही. कायद्याच्या दृष्टीने या दोन रानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका रानाला सातबारा आहे, मालक आहे. दुसरं वनखात्याचं. पाटण-जावळीपासून शिराळ्यापर्यंतच्या डोंगरात २०१० सालापासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला. तिथे यंत्र घेऊन खणत बसलेला माणूस सापडला तर नाणं राहिलं बाजूला, वन्यजीव कायद्याखाली आधी तोच आत जाईल. सुदैवाने हे नाणं पहिल्या प्रकारच्या रानात, म्हणजे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या वावरात बांधाजवळ सापडलं होतं. मालकाला विचारलं होतं का? नव्हतं.

आता वाचायचं. हे नाणं साच्यापेक्षा लहान. त्या काळी तसंच असायचं. चांदीचा वजन करून कापलेला तुकडा दोन साच्यांमध्ये ठेवायचा आणि वरून घण घालायचा. साचा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे मजकुराचा काठ नाण्याबाहेरच राहतो. एका बाजूला मला 'शाह' स्पष्ट दिसलं. त्याच्याजवळ 'आलम'. आणि मग नाणं संपलं. भाच्याच्या मोबाइलने फोटोवरून सांगितलं होतं, आलमगीर, म्हणजे औरंगजेब. मोबाइलची चूक समजण्यासारखी आहे. आलम आणि आलमगीर यांच्यात फक्त 'गीर'चा फरक, आणि तो गीर नाण्याबाहेर पडला असेल असं कोणीही म्हणू शकतं.

दुसऱ्या बाजूला 'जर्ब' हा शब्द अर्धा दिसत होता. आमच्या उर्दू शाळेतल्या चौथीच्या पोराला विचारलं तर जर्ब म्हणजे गुणाकार असं सांगेल, आणि बरोबरच सांगेल. मूळ अर्थ घाव, ठोका. नाण्यावर 'जर्ब' आणि पुढे गावाचं नाव आलं की ते नाणं त्या गावी ठोकलं असं समजायचं. गावाचं नाव मात्र कापलं गेलं होतं. पण मजकुराच्या मध्येच एक चिन्ह होतं, एक दांडी आणि तिला बाकदार आकडा. मी ते पाहिलं आणि भाच्याला म्हटलं, "अरे, हा हत्तीचा अंकुश आहे. हे औरंगजेबाचं नाही. हा पेशव्यांचा रुपया आहे."

त्याचा चेहरा उतरला. त्यात पैशांचा भाग होता तसा अजून एका गोष्टीचाही होता, ती पुढे सांगते.

अंकुशी रुपया पुण्याच्या टाकसाळीचा. त्या टाकसाळीचं नाव नाण्यांवर येतं ते 'मुहियाबाद पूना' असं. पुण्याला मुहियाबाद हे नाव औरंगजेबाने दिलं होतं, तिथे वारलेल्या आपल्या नातवाच्या आठवणीत. औरंगजेब १७०७ साली गेला, पुणं पेशव्यांचं झालं, शनिवारवाडा उभा राहिला, तरी रुपयावर गावाचं ते नाव राहिलं आणि बादशहा म्हणून दिल्लीच्या शाह आलमचं नाव राहिलं. तेही फारसीत. शाह आलमची त्या वेळची अवस्था अशी, की १७८८ साली गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले आणि त्याला पुन्हा तख्तावर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. ज्याला आपण सांभाळतो त्याच बादशहाचं नाव आपल्या रुपयावर, असा हा प्रकार. इंग्रजांच्या कंपनीनेही तेच केलं. शाह आलम १८०६ साली वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये कंपनी पाडतच होती. १८३५ साली सगळीकडे एकसारखं नाणं आलं तेव्हा कुठे त्यावर इंग्लंडच्या राजाचा चेहरा आला.

असं का? तर बाजार. रुपया म्हणजे काय, कसा दिसतो, त्यात चांदी किती, याबद्दल सराफाच्या मनात एक खात्री बसलेली होती, आणि ती खात्री त्या फारसी ओळींच्या रूपाला चिकटलेली होती. रूप बदललं की सराफ बट्टा लावणार. 'नावाला बट्टा लागला' असं आपण आज म्हणतो तो बट्टा हाच, अनोळखी किंवा झिजलेल्या नाण्यावर कापून घेतलेली रक्कम. सामान्य माणसाला फारसी येत नव्हतीच. तो अंकुश बघायचा आणि ओळखायचा. वाचणाऱ्याला शाह आलम, न वाचणाऱ्याला अंकुश, दोघांचंही काम भागत होतं.

याच्या शेजारी शिवराई ठेवून बघा. १६७४ सालच्या राज्याभिषेकाबरोबर शिवाजी महाराजांनी स्वतःची नाणी पाडली. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', नागरी अक्षरात. आजूबाजूला आदिलशाही, कुतुबशाही, मोगल अशी सगळी फारसी-अरबी मजकुराची नाणी चालत असताना हे नागरी अक्षर म्हणजे जाहीरनामाच होता. शंभर वर्षांनी त्यांच्याच राज्यातले पेशवे चांदीचा रुपया फारसीत पाडत होते आणि त्याच वेळी तांब्याची शिवराईही चालत होती. एकाच माणसाच्या कनवटीला दोन्ही. भाजीला शिवराई, जमिनीच्या व्यवहाराला शाह आलमचा रुपया. यातलं एक खरं आणि दुसरं लाजिरवाणं असं मला वाटत नाही. मला तर वाटतं, माझ्या वर्गासमोर ठेवायला याहून चांगला धडा नाही. मी ज्या दोन लिप्या शिकवते त्या दोन्ही एका कनवटीत राहिलेल्या आहेत.

आता भाच्याच्या चेहऱ्याची ती दुसरी गोष्ट. त्याला वाटलं होतं हे औरंगजेबाचं नाणं आहे, आणि त्याने ते नाणं चार दिवस घरात कोणालाही दाखवलं नव्हतं. आईलाही नाही. फोटो काढला तो पण लगेच गॅलरीतून पुसून टाकला. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "खाला, गलती से स्टेटस पे चढ़ गया तो?"

तो अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटलं ते त्याने पाहिलंय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या मजकुरावरून दंगल झाली, मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला. त्यामुळे त्याच्या डोक्यात गणित असं होतं, की नाणं सापडलं म्हणजे नशीब आणि ते आपल्याला सापडलं म्हणजे संकट. औरंगजेबाचं कौतुक करायला मला कोणी सांगितलेलं नाही आणि मी करतही नाही. ज्याने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खन तुडवण्यात घालवली, १७०० साली साताऱ्याचा किल्ला घेऊन त्याचं नाव आझमतारा ठेवलं, त्याची लष्करं आमच्या जिल्ह्यांतून फिरली तेव्हा कोणाची पिकं गेली असतील ते सांगायला नको. पण ती लष्करं फिरली म्हणूनच त्यांचे पैसे आमच्या मातीत सांडले. माती कोणाचं नाणं ठेवायचं आणि कोणाचं नाही असा विचार करत नाही. सापडलेल्या वस्तूचं कौतुक आणि त्या वस्तूवर नाव असलेल्या माणसाचं कौतुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका एकोणीस वर्षांच्या पोराला काडेपेटी लपवत शिकायला लागावं, याचं मला फार वाईट वाटलं.

बरं, औरंगजेबाचं नाही म्हटल्यावर भीती गेली आणि लगेच दुसरा विचार आला. विकू या. कोणीतरी ओळखीच्या व्यापाऱ्याने फोनवर काही आकडा सांगितला होता. माझी बहीणही त्याच मताची. ती म्हणाली, "एकच तर रुपया आहे, तहसील में जाके कायकू मरना? अपने लोगां ने तो जानाच नक्को. कल बोलेंगे बाकी का माल किदर छुपाया." हे ऐकून मला हसू आलं नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखलीत एका मजूर कुटुंबाकडून मुहम्मदशहाच्या काळातल्या २१६ सोन्याच्या मोहरा ताब्यात घेतल्या, सव्वादोन किलोंहून अधिक सोनं. बांधकामाच्या खणलेल्या मातीत त्या सापडल्या होत्या. ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली होती आणि त्यातून सगळ्यांनी एकच धडा घेतला होता, की सापडलं तर बोलू नये.

मला वाटतं हा धडा चुकीचा आहे. पण लोक तो का घेतात हे कायदा उघडून पाहिलं की कळतं. आपल्याकडे भूमिगत धनाचा कायदा अजूनही १८७८ सालचा आहे. इंग्रजांनी केलेला, आणि तोही महाराष्ट्राने भयंकर दुष्काळ सोसला त्याच्या मागोमाग. त्यात म्हटलंय, जमिनीत लपलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं : काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करायची, नाहीतर तारण द्यायचं. मग जाहीर नोटीस, चौकशी. कोणी मालक पुढे आला नाही तर, आणि दोघांत वेगळा करार नसेल तर, तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. इथपर्यंत वाचून मला तर १८७८ च्या साहेबाचं कौतुक वाटलं. पण पुढे आहे, की सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढं दिलं की झालं. म्हणजे इतिहासाची किंमत वीस टक्के. आणि कळवलं नाही तर वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

दहा रुपये! १८७८ साली दहा रुपयांत माणूस काय काय घेत असेल. आज दहा रुपयांत आमच्या शाळेबाहेर एक वडापावही मिळत नाही. आकडा तोच ठेवला म्हणजे कायदा कडक झाला असं नाही. उलट तो कोणी पाळत नाही असा झाला. ओळखीच्या वकिलांनी मला असंही सांगितलं, की नांगरात वर आलेलं एक सुटं नाणं 'लपवलेलं धन' म्हणायचं की 'हरवलेली वस्तू' यावर कोर्टात दोन दिवस बोलता येईल. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू, ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. किल्ला, लेणी, देऊळ असं काही संरक्षित स्मारक असेल तर तिथे खणण्याचा प्रश्नच नाही. हे सगळं माझ्या भाच्याला यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

इंग्लंडमध्ये, जिथले व्हिडिओ बघून त्याने हे यंत्र घेतलं, तिथे वेगळी व्यवस्था आहे. १९९६ चा कायदा सांगतो, सोन्याचांदीचा ठेवा सापडला तर चौदा दिवसांत कळवा. संग्रहालयाला तो हवा असेल तर बाजारभावाने किंमत ठरते आणि ती सापडणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. २००९ साली स्टॅफर्डशरच्या एका शेतात अशा छंदी माणसाला सोन्याच्या वस्तूंचा प्रचंड साठा सापडला. त्याचे सुमारे ३३ लाख पौंड झाले, आणि आज तो साठा संग्रहालयात आहे. आणि ज्या किरकोळ वस्तू 'ठेवा' या व्याख्येत बसत नाहीत त्यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात नोंदणी अधिकारी आहेत. तुम्ही जायचं, वस्तू दाखवायची, ते फोटो काढतात, जागा नोंदवतात आणि वस्तू तुम्हाला परत देतात. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी झाल्यात. चोर तिथेही आहेत. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांनी तीनेकशे नाण्यांचा ठेवा दडवला आणि गुपचूप विकायला काढला, त्यांना लांबलचक कैद झाली. त्यातली थोडीच नाणी परत मिळाली, आणि त्या थोड्या नाण्यांवरून सुद्धा दोन राजे एकमेकांचे मित्र होते असं दिसलं. पुस्तकात त्यातल्या एकाची हेटाळणीच केलेली होती. बाकीची नाणी काय सांगत होती ते आता कळायचं नाही.

आपल्याकडेही याचं उदाहरण आहे आणि ते चांगलं उदाहरण आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी गावी क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नुसतं एक नाणं असतं तर कोणी म्हटलं असतं, योगायोग. हजारोंनी एकत्र, एका मडक्याएवढ्या जागेत सापडली म्हणून पुरावा झाला, की सातवाहनाने क्षत्रपाला हरवलं आणि त्याचा खजिना आपल्या नावावर करून चालवला. ही नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, किंवा दहा-दहा करून दहा गावच्या बाजारांत विकली गेली असती, तर चांदी तेवढीच राहिली असती. हरवली असती ती गोष्ट.

म्हणून मी भाच्यावर रागावले ते विकायच्या विचारावर नाही, एवढं तर आजकाल कोणीही करतं. रागावले खड्ड्यावर. नाणं कुठे, किती खोल, शेजारी काय होतं, खापर होतं का, राख होती का, हे सगळं त्याने खुरप्याने उकरून टाकलं होतं आणि त्याला काही आठवत नव्हतं. पुस्तकाचं एक पान फाडून आणायचं आणि पृष्ठक्रमांकाचा कोपरा तिथेच टाकायचा, तसं. आणि वर घरी आल्यावर मित्राच्या आईने ते चिंच लावून घासलं होतं. नशीब, नारळाची शेंडी नाही वापरली.

यंत्रवाल्या पोरांची अजून एक गोष्ट मला खटकते. गुप्तधनाचं वेड आमच्या भागाला जुनंच आहे. पूर्वी ते अमावास्या, लिंबू आणि मांत्रिक घेऊन यायचं. आता बॅटरी आणि हेडफोन घेऊन येतं. मध्येच दोन्ही एकत्रही येतात. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २०१३ साली त्यांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार त्यात गुन्हा म्हणून घातले गेले. कायद्यात ते घालावं लागलं, यातच सगळं आलं. त्या मानाने माझा भाचा पुष्कळ बरा, त्याने फक्त सात हजार आणि चार महिने घालवले. दुसरीकडे फसवणारे आहेत. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून आधी 'शुल्क' मागणारे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हे इतकं चाललं होतं, की २०२१ साली बँकेला जाहीर सांगावं लागलं, आमचा यात संबंध नाही.

माझं म्हणणं असं आहे. पोरांना हा नाद लागणारच. त्यांना नुसतं 'कैद होईल' म्हणून थांबवता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना थांबवावं असंही मला वाटत नाही. मातीत वाकून बघणारं पोर मोबाइलमध्ये वाकून बघणाऱ्या पोरापेक्षा मला बरं वाटतं. पण सापडलेलं दाखवायला एक जागा हवी. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, औंधला भवानी संग्रहालय आहे, कोल्हापुरात टाऊन हॉल आहे. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती ठेवलीय. पंचगंगेच्या काठी ग्रीक देव! नाशिकजवळ अंजनेरीला तर खास नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. आठवड्यातून एक दिवस एखाद्या संग्रहालयात एक माणूस बसावा, त्याने नोंद करावी, फोटो घ्यावा, पावती द्यावी आणि सापडणाऱ्याकडे चोर म्हणून बघू नये. १८७८ चा दहा रुपयांचा आकडा बदलावा आणि किंमत बाजारभावाने द्यावी. आणि वाचणाऱ्या माणसांची गरज पडेल तर आम्ही आहोत की. साताऱ्या-सांगलीत उर्दू शाळा आहेत, त्यांत शिक्षक आहेत. थोडी फारसी शिकवली तर आमची दहावीची पोरं रुपया वाचू शकतील. त्याबदल्यात मला कोणीतरी मोडी शिकवावी, माझी पेटीतली कागदं तशीच पडलीत.

तर शेवटी आम्ही गेलो. आधी शेतमालकाकडे. भाचा रस्ताभर गप्प होता. म्हाताऱ्या तात्यांनी रुपया तळहातावर घेतला, उन्हात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "बाई, माझ्या आज्यानं ह्याच बांधाला कायतरी पुरलंय म्हणून आमचा बा जलमभर उकरत हुता. त्याला न्हाय घावला, ह्या पोराला घावला." आणि हसले. मग भाच्याला म्हणाले, "पर इचारून यायचं, लेकरा. इचारलं असतं तर मी सवता खणू लागलो असतो." तहसीलला ते आमच्याबरोबर आले. स्वतःचा सातबाराचा उतारा घेऊन, इस्त्रीची टोपी घालून.

तिथे टेबलावर बसलेल्या माणसाने असा अर्ज आयुष्यात पाहिला नव्हता. दोन-तीन टेबलं फिरून पुन्हा त्याच्याचकडे आलो. पण त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि बाकीचा माल कुठे म्हणून कोणी विचारलं नाही. अर्जात तारीख, गट नंबर, बांधापासूनचं अंतर असं सगळं मी आधीच लिहून नेलं होतं. वजन आमच्या सराफाने करून दिलं होतं, तोळ्याला जरासं कमी. त्याने पोचपावती लिहायला घेतली. "जुने चांदीचे नाणे, नग एक, त्यावर उर्दूमध्ये..."

"फारसी," मी म्हटलं.

तो थांबला. "तुम्ही उर्दूच्या मॅडम ना? मग हे उर्दू नाही?"

"लिपी तीच, भाषा फारसी. आणि पुण्याचा आहे, पेशव्यांचा. हा बघा अंकुश."

त्याने चष्मा वर करून पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. एकाने मोबाइल काढला, तसा माझा भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, काढू दे. तात्या सगळ्यांना सांगत होते, माझ्या रानात घावला, माझ्या रानात. मग त्या माणसाने 'उर्दू' खोडून वर 'फारसी' लिहिलं, खोडलं तिथे सही केली, आणि विचारलं, "पेशवे कंसात लिहू का?"